सध्यापुरतं

बॉयलर आधी ऐकायचा, मग बघायचा.
पहाटे पाचला तळघरात उतरलो
की तो नुसता खाकरतोय की धापा टाकतोय
यावरून मला दिवस कळतो.
आज बाहेर उणे चौतीस.
विनिपेगमध्ये एवढ्याची बातमी होत नाही.
पायऱ्यांवर मीठ टाकलं,
दाराच्या बिजागरीला तेल दिलं,
ती कुरकुरलीच.

अकरा मजले, अठ्ठ्याऐंशी बिऱ्हाडं,
माझ्या कमरेला एकोणनव्वद किल्ल्या.
जास्तीची कशाची, मलाही माहीत नाही.
वॉल्टर प्रूडनने निवृत्त होताना जुडगा हातात दिला,
म्हणाला, वजनाची सवय होईल.
विचारायचं राहून गेलं.
आता तो जाऊनही नऊ हिवाळे झाले.

फोनवर कुणी नाव सांगत नाही.
'मी सातशेचार,' म्हणतात.
सातशेचार म्हणजे सिगर्डसन बाई,
रेडिएटर ओल्या मोज्यांनी झाकून टाकतात
आणि खोली तापत नाही म्हणून मला बोलावतात.
तीनशेदोन, तेसफाय, रात्रपाळीचा;
त्याच्या मजल्यावर मी दुपारपर्यंत ड्रिल लावत नाही.
पाचशेअकराने संडासात मांजराची वाळू ओतली
आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, मांजर? कुठलं मांजर?
मांजर त्याच्या मागे बसलं होतं.
काहींचे केस मला मोरीत भेटतात,
चेहरे नंतर, लिफ्टमध्ये.
ओळख द्यावी की नाही, कळत नाही.

तर, आठशेसहाच्या छतावर डाग.
पाणी दिसतं तिथे फुटलेलं नसतं,
म्हणून वर गेलो, नऊशेसहात,
ओकिमॉ बाईंकडे.
त्यांनी गाऊनवर ओव्हरकोट चढवला, बॅटरी धरली,
मी न्हाणीघराची भिंत कापली.

आत, नळाच्या सांध्यावर,
सायकलची ट्यूब.
गच्च गुंडाळलेली, वरून तारेचे सात वेढे,
आणि शेजारच्या लाकडावर पेन्सिलीने:
'सध्यापुरतं. सोमवारी नीट करतो. वॉ. प्रू.
नोव्हेंबर १९८१.'

मी हसलो. मग सोमवार मोजायला घेतले,
आणि सोडून दिले.
वेळ मारून नेली होती त्याने,
आणि वेळही अशी भोळी
की चाळीस वर्षं त्या ट्यूबमागे उभी राहिली.
सापडलास, वॉल्टर, म्हणालो,
अंगठा दाबला.

कोरडी.
हत्तीच्या कानासारखी जाड, भेगाळलेली, कोरडी.

गळत होता हातभर वरचा सांधा.
तांब्याचा, चकचकीत,
भिंतीच्या पलीकडून, कपाटातून बसवलेला,
नियमाप्रमाणे, दाब तपासून,
फोटो काढून ऑफिसात डोरीनला पाठवलेला,
फॉर्मवर 'कायमस्वरूपी' या चौकटीत खूण केलेला.
गेल्या मार्चमधला.
माझा.

बॅटरीचा झोत हलला नाही.
ओकिमॉ बाई काही बोलल्या नाहीत,
मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या,
कुणाला काय कळलं हे त्यांना पाठीवरून कळतं.

पाणी बंद केलं. सांधा कापला.
नवा बसवताना हात दोनदा घसरला,
एरवी घसरत नाही.
थेंब थांबला, पुन्हा आला, थांबला.
ट्यूब काढायला हवी होती.
रबर कधीही दगा देईल,
मीच नव्या पोरांना शिकवतो.
पाना लावला, आणि काढून घेतला.
आता ती काढली तर खालचं सगळं उघडावं लागेल,
असं मी स्वतःला सांगितलं.
ते खरंही होतं, थोडंफार.

'झालं?' बाईंनी विचारलं.
'सध्यापुरतं,' मी म्हणालो,
हत्यारं गोळा करता करता,
प्लास्टरची धूळ त्यांच्या पायपुसण्यावर सांडत.
'भिंत बुजवायला सोमवारी येतो.'

त्यांनी बॅटरी त्या लाकडावर रोखली,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
सावकाश वाचलं.

'कुठल्या?'