सात बंदुकांचं कपाट

कपाटाच्या दारावर छापलंय : सात.
छापणाऱ्याने झाडूच्या दांड्या मोजल्या असाव्यात.
दुर्बीण चढवलेली एक रायफल
दोघींची जागा अडवते,
शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून
खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या बाईसारखी.

नोव्हेंबर. दुपारी तीनलाच अंधार.
ऊर्हो काकाच्या दोन बंदुका मी कुहमोहून आणल्या
घोंगडीत गुंडाळून, पोलिसांच्या कागदासह.
दोनच कशा, तिसरी होती ना,
हे बाबांनी विचारलं नाही.
काकाबद्दल आम्ही "अचानक" एवढंच म्हणतो.

"आधी सगळ्या बाहेर काढू."
स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर,
तिच्यावर एकेक, बोल्ट काढून.
बाबा नळीत डोकावले : रिकामी.
मग मी डोकावले : रिकामी.
दोघांनी म्हटल्याशिवाय या घरात
रिकामं हे रिकामं नसतं.

बाबांची एल्कची रायफल.
आईची हलकी दुनळी, जिच्या दस्त्यावर
तिच्या गालाने घासून केलेला फिका डाग.
माझी बावीसची, बाराव्या वर्षीची.
आजोबांची, जी आता कुणी उडवत नाही
आणि कुणी विकतही नाही.
आणि काकाच्या दोघी, परक्या तेलाचा वास येणाऱ्या.

एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत म्हणे.
आम्ही सहा घालायला बसलो.

पहिल्यांदा दार बोटभर उघडं राहिलं.
दुसऱ्यांदा काकाची दुर्बीण
आजोबांच्या लाकडावर ठकठकली,
आणि बाबांनी डोळे मिटून घेतले
जणू कुणी घरात मोठ्याने बोललं.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, एकीआड एक उलटी करू,
एकीचा दस्ता खाली, तर शेजारणीचा वर,
लहानपणी आम्ही भावंडं एका गादीवर झोपायचो तशा,
डोक्याशी पाय, पायाशी डोकं.
दुर्बिणींना आईने विणलेले मोजे चढवले.
करड्या लोकरीचे. एकाच्या टाचेला लाल रफू.
बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिका जेलच्या पुड्या तळाशी टाकल्या,
कारण भिंतीपलीकडे सॉना आहे
आणि वाफेला भिंत कळत नाही.
बोल्ट वरच्या कप्प्यात.
काडतुसं तळघरात, वेगळ्या कुलपात.

दार लागलं.
जाड, बुटका आवाज.
सातवीची जागा उरली होती,
तिथे बाबांनी आर्द्रतेची तबकडी टांगली.

मग कॉफी. मग बराच वेळ
खिडकीच्या काचेत फक्त आम्हीच दोघं.
मग बाबांनी किल्ली टेबलावर सरकवली,
पत्त्यांत हुकूम टाकावा तशी नाही,
मिठाची वाटी सरकवावी तशी.
"तुझ्याकडे राहू दे. हिवाळाभर.
तुझ्याही नावावर परवाना आहेच."
मी "का" म्हणाले नाही.
शब्द ओठांपर्यंत आला होता,
तो कॉफीबरोबर गिळला.
"झोप लागते का?" एवढं विचारलं.
"लागेल," म्हणाले.

कायानीपर्यंत चाळीस किलोमीटर.
किल्ली कोटाच्या आतल्या खिशात,
बरगडीला गार लागत,
मग हळूहळू माझ्याइतकीच कोमट.
त्या हिवाळ्यात मी दर रविवारी गेले.
कधी लाकडं फोडायला, कधी उगाच.
कपाटाचं नाव निघालं नाही.
फेब्रुवारीत एकदा बाबा ताट न संपवता उठले
आणि मी जेवता जेवता खिसा चाचपला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फोन :
"मोसम सुरू होतोय. किल्ली आण.
आणि येताना दालचिनीचे पाव, चार."
चार. दोन नव्हे.
शेजारच्या आइनोलाही बोलावलं होतं.

दार उघडलं. लोकर, तेल, थंड लोखंड.
सहाही जणी होत्या तशाच,
डोक्याशी पाय, पायाशी डोकं.
बाबांनी बंदुकीला हात लावायच्या आधी
चष्मा पुसून तबकडी वाचली.
"कोरडं राहिलंय सगळं,"
माझ्याकडे न बघता म्हणाले,
आणि लाल रफूचा मोजा
हळूच ओढून काढला.