आपल्याकडे

रुंजीला शाळेतून मिळालंय एकच वर्ष, इसवी सन ७९.
बाकीच्यांना राजे मिळाले, किल्ले मिळाले,
हिला बारा महिने आणि एक पिवळा कार्डशीट.
"सगळ्या जगात काय काय झालं ते लिहायचंय, आई."
सोमवारपर्यंत.

मी न्हावा-शेव्याला मालाची कागदपत्रं बनवते.
कुणी पाठवलं, कुणाला पोचवायचं,
नग किती, फुटलं तर कोण भरणार.
जगाकडे बघायची माझी एवढीच रीत.
म्हणून दिवाळ्यातल्या आमच्या ओटीवर
जेवणं उरकल्यावर रकाने आखले.

जून. रोम. म्हातारा बादशहा अंथरुणाला खिळला.
"मी देव व्हायला लागलो वाटतं," म्हणाला म्हणे,
आणि मरताना उभं राहायचा हट्ट धरला.
रुंजीनं त्याला पाय काढले, जरा जास्तच लांब.

पुढे त्याच देशात डोंगर फुटला.
एका भट्टीत एक्क्याऐंशी पाव तसेच राहिले.
आकडा मी सवयीनं दोनदा तपासला.
नग एक्क्याऐंशी. पोचपावती नाही.

ब्रिटनच्या थंडीत शिपायांनी शिशाचा नळ टाकला,
त्यावर ते साल उठवलं.
"नळावर कशाला?"
"पाणीपट्टी कुठल्या वर्षाची ते कळायला."
हे मी ठोकून दिलं.

चीनच्या राजधानीत पंडित जमले,
जुन्या पोथ्यांतल्या ओळींचा अर्थ लावत बसले,
निवाड्याला खुद्द राजा.
"म्हंजे आपली गावकी," रुंजीचा बाप म्हणाला,
"फक्त तिथं निवाडा झाला."

मग उरला एक रकाना. तिनंच आखलेला: आपल्याकडे.

एकोणऐंशी वजा अठ्ठ्याहत्तर.
पंचांगाच्या हिशेबानं शके एक.
पण त्या पाडव्याला कुणी उठून म्हणालं नसेल,
चला, आजपासून मोजू.

मी एवढंच सांगू शकले:
त्या राखेतून एक हस्तिदंताची बाई निघाली,
वीतभर उंच, हातभर बांगड्या.
घडण आपल्या बाजूची, असं जाणकार म्हणतात.
कुठल्या बंदरातून चढली, कागद नाही.
त्या काळात कधीतरी कल्याण बंद होतं,
चुकून आलेली जहाजं पहाऱ्यात भरूचला नेत.
बंद बंदर, वळवलेलं जहाज,
हे मला कुणी समजावायला नको.
तरी एखादी होडी रात्रीची निघाली असेल,
ठाण्याच्या वळणाला डावीकडे झुकून
आपल्याच खाडीनं, या धक्क्यासमोरून,
कांदळवनाच्या सावलीत दिवा झाकून.

पाठवणार: रिकामं. घेणार: रिकामं.
नग: एक.
शेरा: पोचली. घर राहिलं नाही.

"हे खरंय?"
"बाई खरी. होडी माझी."
रुंजीनं होडी खोडली. बाईंना खोटं चालत नाही.

बाहेरून हाक आली, "उधान हाय, हात लाव गो,"
आणि मी जाऊन दोर धरून आले.
ओले हात पुसत गणित मांडलं:
दिवसाला दोन, थोडी कमी. वर्षाला सातशे पाच.
रुंजीनं लिहिलं,
आपल्याकडे: भरती आली, सातशे पाच वेळा.
मार्क कापतील, म्हटलं.
कापू देत, म्हणाली, आणि एकेक लाट काढायला बसली.

दोनशे सोळावर झोपली, पेनाचं टोपण तोंडात.
आता मी काढतेय. निळं पेन वाळत आलंय,
दर दहा लाटांनी जिभेला लावते.
तीनशे अडतीस. इथे कुठेतरी
तो म्हातारा उभा राहिला असेल.
हात जरा थांबला, मग पुढे गेला.
पाव अजून भट्टीत जायचेत.