छत्तीस नंबरची पिशवी

सांगळे सरांनी छत्तीस पिशव्या शिवून घेतल्या,
मच्छरदाणीच्या जाळीच्या.
प्रत्येकीत दहा ग्रॅम वाळकी पानं,
बारांत सागाची, बारांत द्राक्षाची,
बारांत कॉलेजच्या फाटकाजवळच्या उंबराची.
मार्गशीर्षात प्रयोगशाळेमागच्या मातीवर मांडल्या,
वर एकेक दगड.
"आहेरबाई, महिन्याला तीन उचलायच्या.
झटकायच्या, सुकवायच्या, तोलायच्या, लिहायचं."

पौषात निफाडला पारा चारवर गेला.
पेपरात बागेतल्या शेकोट्यांचा फोटो,
घड उकलू नयेत म्हणून रात्रभर जागणारी माणसं.
इकडे गंगापूर रोडला
मी स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून काटा वाचत होते:
साग नऊ पूर्णांक नऊ,
उंबर नऊ पूर्णांक आठ.
म्हटलं, सर, काहीच झालं नाही.
म्हणाले, मग काहीच झालं नाही असं लिहा.
तेही लिहायचं असतं.

माघात रस्ता रुंद झाला.
उंबर सकाळी साडेदहाला होता,
दुपारी चहा घेऊन आले तर
नुसतं ऊन, आणि करवतीचा ओला वास.
मजूर फांद्या मोजत होते, टेम्पोच्या हिशेबाने.
फळं चिरडून रस्ता चिकट झालेला,
माश्या मात्र पत्ता विसरल्या नव्हत्या.

त्या झाडाचं आता जगात
मोजून शंभर ग्रॅम उरलं होतं,
माझ्या दगडांखाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी थंडीच्या बाजूची झाले.
पहाटे शाल गुंडाळून म्हणायचे, राहा अजून आठ दिवस.
थंडीत मातीतले ते बारीक जीव
घोंगडी पांघरून पडलेले असतात, सर सांगायचे,
भूक असते, पण उठवत नाही.

फाल्गुनात सरांची धुळ्याला बदली झाली.
चावी माझ्याकडे राहिली, वहीही.
त्याच संध्याकाळी छत्तीस नंबर उचलली
आणि फ्रिजमध्ये ठेवली,
बुरशीच्या बश्यांमागे, चार अंशांवर.
निफाडची ती पहाट, दार लावून कोंडलेली.
वहीत लिहिलं: हरवली. बहुतेक कुत्र्याने नेली.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत
मी खोटा आकडा लिहिला नव्हता.
हाही आकडा नव्हता म्हणा.

वैशाखात एक्केचाळीस.
वाटलं, आता उन्हाने खाल्ली.
पानं पापडासारखी कडकडली,
पण वजन? जागचं हललं नाही.
नुसती ऊब काय करणार,
ओल नसेल तर तीही उपाशीच बसते.

द्राक्षाची पानं आषाढातच संपली,
पाहुण्यांसारखी, निरोप न घेता.
साग हट्टी, शिरा ताणून बसलेला.
आणि आश्विनात,
खाली माती ओली, वर ऑक्टोबरचं ऊन,
दगड उचलून हात घातला तर
भाकऱ्या झाकलेल्या टोपलीतली ऊब.
चौतीस नंबर: दोन पूर्णांक एक.
पस्तीसमध्ये तीन देठ, एक गांडूळ,
आणि काळी भुकटी, जी जाळीतून
माझ्या पदरावर सांडली.
झटकली नाही. आधी तोलायला हवी होती,
तेही सुचलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वायरिंगचं काम निघालं.
सहा दिवस लाइट नाही, मला कुणी कळवलं नाही.
फ्रिज उघडला तर आत कोमट अंधार,
आणि जाळीभर पांढरे धागे,
पानापानाला टाचून धरणारे.
दारं लावली होती, तरी आले होते.
आले कसले, आतच होते,
माझ्यासारखेच पारा बघत.

वास उंबराचा नव्हता.
पावसानंतरच्या कुठल्याही मातीचा होता.

फाटकाशी नेली. तिथे पेव्हर ब्लॉक,
सिटी बसचा थांबा, दोन मुलं मोबाइलवर.
परत आणली. प्रयोगशाळेमागे
तिची जागा अजून रिकामी होती,
दगडही तोच.

मग वही काढली.
"हरवली"वर आडवी रेघ मारली, खाली सही केली.
लिहिलं: सापडली.
वजन घेतलं नाही.