वळसा

नकाशा म्हणतो: सरळ.
सन बासष्ट, चार इंची पोलादी नळ,
खोली एक मीटर, पूर्वेकडून पश्चिमेकडे,
खाली कुणाची तरी घाईतली सही.
कागद खोटं बोलत नाही असं ज्याला वाटतं
त्याने कधी चर खणलेला नसतो.

ऑक्टोबर सरत आलाय. मॅनिटोबातली ही माती
अजून फावड्याला हो म्हणते.
पुढच्या आठवड्यात ती आतून कडी लावेल
ती थेट मे महिन्यात काढायला.
म्हणून सगळ्यांना आत्ताच खणायचंय,
फायबरवाल्यांना, पाणीवाल्यांना,
गॅरेजसाठी भांडणाऱ्या त्या दोघा भावांनाही.
आणि त्या सगळ्यांच्या आधी मला चालायचंय.

काम एवढंच. खणण्याआधी चालणं.
हातात कांडी, कमरेला रंगाचे डबे.
लाल म्हणजे वीज. निळं, पिण्याचं पाणी.
हिरव्याबद्दल जेवताना बोलू नये.
केशरी, गावभरच्या गप्पा.
पिवळा गॅस. पिवळ्याशी मस्करी नाही.

पान्चुकांच्या घरासमोर कांडी गप्प झाली.
दोन पावलं मागे आले की गुणगुणते,
दोन पावलं पुढे गेले की मुकी.
मी नकाशावर बोट ठेवून उभी,
आणि मागे पंपाच्या ट्रकात रेमी शार्त्रां
मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या मारतोय,
कारण त्याचा ट्रक तासावर चालतो
आणि तास कुणासाठी थांबत नाही.

तेवढ्यात म्हातारा मेत्रो सपातांतच खाली आला,
कॉफीचा कप न हिंदकळवता.
"तिथे नाही, पोरी. जरा उत्तरेला घे.
मध्ये सफरचंद आहे."

मी पाहिलं. डांबर होतं.
डांबरावर शेजाऱ्याची निळी मोटार, एक चाक बसलेलं.

"मी होतो ना या चरात. वीस वर्षांचा.
वाटेत स्टाशिनबाईचं झाड, रानटी सफरचंद,
इतकं आंबट की पक्षीसुद्धा विचार करायचे.
मुकादम म्हणाला, तोडा.
बाई बुंध्याला पाठ लावून बसली,
मांडीवर टोपलं, टोपल्यात बटाटे,
आणि सोलायला लागली.
संध्याकाळपर्यंत सोलत होती.
दुसऱ्या दिवशी बटाट्यांचं दुसरं पोतं.
तिसऱ्या दिवशी मुकादमाने नळ वाकवला.
नकाशा मात्र सरळच ठेवला,
वाकवल्याचा हिशोब वर कोण देणार?"

"आणि झाड?"

"रस्ता रुंद केला तेव्हा गेलं. अठ्ठ्याहत्तर साली.
बाई त्याआधीच."

मी उत्तरेला सरकले. एक हात, दोन हात,
अडीच हातांवर कांडी गायला लागली,
आणि मी तिच्यामागून पिवळी रेघ ओढत गेले,
मोटारीला वळसा घालून,
नाही, मोटारीला नाही.

रेमीने पाण्याचा झोत लावला.
चिखल वर, खडे वर, बादलीएवढं भोक.
आमच्या धंद्यात याला म्हणतात उजेड दाखवणं.
तळाशी डांबरी पट्टी गुंडाळलेली काळी पाठ
हळूच वाकून पलीकडे निघालेली,
झोपलेल्या माणसाला ओलांडून जावं तशी.

मेत्रोने गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
म्हणाला, "हा जोड माझा नाही.
माझे याहून चांगले असायचे."
आणि गार झालेली कॉफी घेऊन आत गेला.

अर्जात रकाना आहे: नकाशापासून फरकाचे कारण.
खाली पर्याय: खडक, दुसरी वाहिनी, अज्ञात.
बोटांत पेन धरवत नव्हतं इतका वारा.
'इतर'वर खूण केली, पुढे लिहिलं: सफरचंद.

सोमवारी विनिपेगच्या ऑफिसातून फोन आला.
"फोटोत झाड दिसत नाहीये."
मी म्हटलं, बरोबर.