आकस्मिक खर्च

दुसरा हप्ता चौदा महिने झाले, आला नाही.
पहिल्याचं विनियोग प्रमाणपत्र
तीनदा पाठवलं: एकदा शिक्का तिरपा होता,
एकदा प्राचार्य बदलले,
एकदा काय झालं ते कुणीच सांगत नाही.

आरमोरीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागे,
जिथं पूर्वी एनसीसीचे बूट ठेवत,
ती माझी प्रयोगशाळा.
फ्रीजमध्ये कोशाचं विरघळवलेलं रेशीम.
लाइट गेली की मी फ्रीजला गोधडी पांघरते.
तुटल्या हाडाच्या खाचेत भरता येईल असा स्पंज
होऊ घातलाय. खडूएवढा.
दाबला तर सावकाश फुगतो पुन्हा.
पेशी धरतात त्यावर; नागपूरला नेऊन पाहिलं,
एसटीनं, थर्मासमध्ये.

कोसे गोपिका मारबते देते.
ऐनाच्या झाडांवर तिचे किडे.
पहाटेपासून ती गुलेर घेऊन उभी,
कावळ्यांना, मुंग्यांना, गांधीलमाश्यांना
वेगवेगळ्या शिव्या.
चार वेळा कात टाकतो किडा,
दर वेळी खाणं सोडून मान वर करून बसतो.
"तवा त्याले हात नाही लावाचा जी," ती सांगते,
"त्याचं आतमंधी काम चालू असते."

अर्जात रकाने होते: उपकरणे, मनुष्यबळ, प्रवास.
गुलेरीच्या मातीच्या गोळ्या,
चाळीस दिवसांची राखण,
झाडाखालचा तिचा डब्यातला भात
कशात बसवायचा?
मी लिहिलं, आकस्मिक.
ऑडिटवाल्यानं लाल पेनानं गोल केला:
दरवर्षी होतं ते आकस्मिक कसं?
बरोबर होतं त्याचं. त्याचाच राग आला.

तज्ज्ञ समितीनं पडद्यावरून विचारलं,
हे काम आरमोरीतच का?
कच्चा माल इथं आहे, म्हणाले मी.
गोपिका इथं आहे, म्हणायला हवं होतं.
त्यांचा आवाज तुटत होता. माझाही.

प्रणोती, माझी फेलो, विद्यावेतन थांबल्यावर
देसाईगंजला मोबाइलच्या दुकानात लागली.
रविवारी येते, बफर बदलते,
चहा न घेता जाते.

काल गोपिका आली. पोटरीला नऊ टाके,
विळा लागलेला.
धागा काळा होता. बोट ठेवून म्हणाली,
"हा आपला का जी?"
"नाही," म्हटलं, "आपला अजून फ्रीजमंधी आहे."
तिला माझ्या तोंडचं 'मंधी' ऐकून हसू आलं.
मग पिशवी उलटी केली टेबलावर:
दोनशे सोळा कोसे, राखाडी, देठासकट,
लाकडी गोट्यांसारखे खळखळले,
एक घरंगळत सूक्ष्मदर्शकाखाली गेला.
पैसे?
"कार्तिकाच्या पिकावर पाहू."

मी पावती केली.
महसूल तिकिटावर तिनं पूर्ण नाव लिहिलं,
काना-मात्रा न चुकवता, जीभ दाताखाली धरून.
रकमेची जागा तेवढी कोरी सोडली.
तेवढ्यात लाइट गेली.
तिनं गोधडीचं दुसरं टोक धरलं.