नाव ठेवणं

अल्बमला नाव ठेवायला आम्हांला अकरा महिने लागले.
नावं ठेवायला लोकांना चार दिवस पुरले.

ग्रिम्सबीच्या गोदीमागे विल्फ ऑल्डरसनचं धुरीघर:
हॅडॉक टांगायच्या सळ्या, विटांवर सत्तर वर्षांची काजळी.
रात्री दहानंतर वरच्या मजल्यावर आम्ही.
भाडं म्हणून दर शनिवारी बर्फाच्या पेट्या उतरवायच्या.
टेगनच्या घशात धूर बसायचा.
राहू दे, म्हणायची, फुकट मिळतोय.

मोठ्या खोलीच्या बरोबर खाली
मेव्हिस झोपायची, विल्फची बायको,
नाकात ऑक्सिजनची नळी.
म्हणून कॉर्विनचे ड्रम शेजारच्या खोलीत.
दाराला रजई ठोकली,
ड्रमवर टॉवेल पसरले.
दूर कुणीतरी गालिचा झटकत असावं
इतपतच आवाज.

लंडनच्या समीक्षकानं दिले दहापैकी सहा पूर्णांक एक.
तो एक दशांश कशाबद्दल,
यावर आमची अख्खी संध्याकाळ गेली.
‘ड्रम शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखे वाटतात.’
कॉर्विन म्हणाला, कान आहेत माणसाला.

मँचेस्टरच्या एका बाईंनी मात्र
चौथ्या गाण्यावर दोन परिच्छेद खर्च केले.
त्यातला तो अखंड खर्ज,
शोकाला दिलेली ती धीट बैठक, वगैरे.
आम्ही पुन्हा लावून ऐकलं.
कुठला खर्ज?

फ्रीज होता तो. ड्रमच्या खोलीखालचा, मासळीचा,
शेवटी थरथरून गप्प होणारा.
तो काढून टाकायला
आम्ही दोन रात्री जागलो होतो, आणि हरलो होतो.

तिसऱ्या गाण्यातल्या व्हायोलिनांबद्दल
कुणी चकार शब्द काढला नाही.
टेगनच्या मावशीचे पैसे अजून फिटायचेत.

फेब्रुवारीत मेव्हिस गेली.
मार्चमध्ये विल्फनं अल्बम मागून घेतला,
व्हॅनमध्ये बसून ऐकला,
इंजिन बंद, काचा वर,
अंगावर तोच मेणकापडी एप्रन.
एक्केचाळीस मिनिटं आम्ही खिडकीतून
त्याच्या टोपीकडे बघत होतो.
टोपी काही हलली नाही.

मग जिना चढून आला.
बरा आहे, म्हणाला.
ड्रम जरा मोठे हवे होते.
तिला ऐकू यायचे ते, भिंतीतून.
चादरीवर बोटानं ठेका धरायची.

आम्ही कुणीच काही बोललो नाही.
कॉर्विन रजईकडे बघत राहिला.

जाता जाता, दारातच, विल्फ म्हणाला,
पाचव्या गाण्यात तुम्ही घाई करता,
असं म्हणायची ती.
दुसऱ्या कडव्यानंतर.
दरवेळी.

खरंच करतो.
छापून आलेल्या एकाही ओळीत हे नव्हतं.
परवा लीड्सला, चाळीसेक लोकांसमोर,
सगळ्यांना ठाऊक असूनही,
पुन्हा केली.