एकच पंखा

दुकानदार म्हणाला, हा घ्या, पाच पंखे, निळे दिवे.
झैनबूनं पॅड उलटं केलं,
लॅपटॉपच्या पोटाशी धरून पाहिलं:
झरोका मधोमध, पंखे सगळे कडेला.
दिव्यांनी काय गार व्हायचंय?
घेतलं ते जाळीचं, एका मोठ्या पंख्याचं,
जरा घरघरणारं.

नियामेतला एप्रिल.
रात्री अकरालाही भिंतीला हात लावू नये.
दर शुक्रवारी जुन्या टूथब्रशनं
ती जाळीतली लाल धूळ काढते.

आज वीज गेली.
पंखा फिरतोच आहे
लॅपटॉपच्याच बॅटरीवर,
ज्याला वारा घालायचा
त्याच्याच ताटातलं खात.
नऊ टक्के.
प्रबंधाचं दीड पान बाकी.

तिनं वायर उपटली.
खोक्याचं झाकण घेतलं, वर हिमनगाचं चित्र,
आणि एका हातानं वारा घालत
दुसऱ्यानं
टाइप करत राहिली.